घाडीकाकांचा फळा

आमच्या चाळीच्या ग्रुपवर काही वर्षं रोज सकाळी सात वाजता एक मेसेज यायचा आणि दुसऱ्या दिवशी सातला पाच मिनिटं असताना नाहीसा व्हायचा. त्याच्या जागी 'हा मेसेज डिलीट केला आहे' एवढी फिकट ओळ उरायची. मग सातला नवा मेसेज. ग्रुप वर सरकवत नेला तर अशा फिकट ओळी एकीखाली एक शेकड्यांनी दिसत. हे काम होतं दत्ताराम घाडी या ऐंशी ओलांडलेल्या गृहस्थांचं, आणि त्यात आपलं काही चुकतंय असं त्यांना शेवटपर्यंत वाटलं नाही.

डिलाईल रोडवरची आमची चाळ पाडली, तिथे बावीस मजली इमारत उभी राहिली आणि चाळीतले निम्मे लोक तिच्यात परत आले. बाकीचे मधल्या वर्षांत जिथे जागा मिळाली तिथे राहिले ते राहिलेच. कोणी वसईला, कोणी डोंबिवलीला, कोणी वरळी कोळीवाड्यात भाड्याने. घाडीकाका चौदाव्या मजल्यावर आले, मी नवव्या. मी बँकेतून निवृत्त झालेली, नवरा गेलेला, मुलगी बंगलोरला. वेळ जाईना म्हणून तळमजल्यावरच्या मंडळाच्या हॉलमध्ये दुपारी ज्येष्ठांना कॉम्प्युटर शिकवायला लागले. कॉम्प्युटर एकच, कोणाच्या तरी ऑफिसातून दान आलेला. पहिल्या दिवशी अकरा जण आले, दुसऱ्या आठवड्यात चार उरले, आणि महिनाअखेर घाडीकाका एकटे.

पहिल्याच दिवशी त्यांनी पिशवीतून ओलं फडकं काढलं आणि स्क्रीन पुसायला घेतला. मी ओरडलेच. "काका, शॉक लागेल!" तर म्हणाले, "लिहिण्याआधी पुसायला नको?" मग खुर्ची पुढे केली तर बसेनात. "बसान फळो कोण लिहिता गो?" घाडीकाका एरवी आमच्यासारखंच मराठी बोलत, पण मनातलं काही सांगायचं झालं की मालवणीवर येत. शेवटी गणपतीच्या मखराखालचं लाकडी खोकं टेबलावर चढवलं, त्यावर कॉम्प्युटर ठेवला, आणि काका त्याच्यासमोर ताठ उभे राहून उजव्या हाताच्या एका बोटाने टाईप करायला शिकले. प्रत्येक अक्षर आधी मोठ्याने म्हणायचे, मग शोधायचे, मग दाबायचे. एका ओळीला दहा मिनिटं लागत. मी मनातल्या मनात कितीदा हात जोडले असतील. त्यांना घाई म्हणून कधी झाली नाही.

फळा म्हणजे काय, हे चाळीत न राहिलेल्यांना सांगायला हवं. चाळीच्या दरवाजातून आत शिरलं की डाव्या हाताला भिंतीवरच सिमेंटचा चौकोन काढून त्याला काळा रंग दिलेला होता. पाण्याची वेळ, मंडळाची सभा, हरवलेली किल्ली, गावी जाणाऱ्या गाडीच्या बुकिंगची तारीख, बारसं, कार्य, चाळीला जे कळायचं ते तिथून. काका मिलच्या फोल्डिंग खात्यात कापडाच्या ताग्यांवर छापे मारायचे, आणि त्यांचं हातचं अक्षरही छापल्यासारखं होतं. मिल होती तोवर सकाळी सहाला आणि मिल बंद पडल्यावर सातला ते खाली उतरत, कालचा फळा ओल्या फडक्याने पुसत, तो वाळेपर्यंत बिडी ओढत आणि खडू पाण्यात बुडवून नवं लिहीत. खाली नाव कधी घातलं नाही. चाळ पाडली त्या दिवशी लोक आपापलं सामान सांभाळत होते आणि काका फळ्यासमोर उभे होते. भिंतीतलाच तो, काढून नेता येण्यासारखा नव्हता. कंत्राटदाराच्या माणसाला ते म्हणाले, "हा शेवटाक तोडा." त्याला मराठी कळत नव्हतं.

म्हणून मी चाळीचा ग्रुप काढला तेव्हा त्याचं नाव 'फळा' ठेवलं आणि मेसेज टाकायचं काम काकांना दिलं. कौतुकाने दिलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कालचा मेसेज उडवला. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा. डिलीटचं बटण मीच दाखवलं होतं, चूक झाली तर म्हणून. ग्रुपवर गोंधळ माजला. वसईच्या सावंतचा मला फोन, "शुभा, तू सांग ना यार, काय होतं त्यात? माझ्या मॅटरबद्दल होतं काय?" सावंतचा भावाशी वाद चालू होता, त्यामुळे जगातली प्रत्येक पुसलेली ओळ त्याला आपल्याबद्दलची वाटे. त्याच्या बायकोने तर दोन दिवस काकांशी अबोला धरला.

मी काकांना समजावलं, की इथे पुसायची गरज नाही, जागा संपत नाही, सगळं राहतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कालची पाण्याची वेळ वाचून आज कोण बादली घेऊन उठलं तर?"

मी म्हटलं, "काका, तारीख असते वर."

"तारीख कोण वाचतो? फळ्यावर आहे म्हणजे आजचं आहे."

पुढे लोकांना सवय झाली. उलट सातच्या आत वाचलं पाहिजे म्हणून डोंबिवलीची मंडळी चहाच्या आधी मोबाईल हातात घ्यायला लागली.

एकच मजकूर ते दुसऱ्या दिवशी पुसत नसत. चाळीतलं कोणी गेलं तर ते नाव तेराव्या दिवसापर्यंत राहायचं. काळ्या फळ्यावर ते एका कोपऱ्यात चौकट आखून ठेवत आणि बाकीचं तिच्या आजूबाजूला लिहीत. पण ते नाव चढवायचा त्यांचा एक नियम होता. आमच्यातल्या कोणीतरी दारात जाऊन बघून आल्याशिवाय चढवायचं नाही.

एकदा ग्रुपवर कोणीतरी टाकलं की कोळीवाड्यातले शिंदे गेले. झालं. पंधरा मिनिटांत चाळीसजणांनी हात जोडले. कोणी फुलं टाकली, कोणी दिवा, कोणी शिंद्यांचा गणपतीत नाचतानाचा जुना फोटो. काकांचं नाव कुठेच नाही. मी खाली गेले तर हे पायात चपला घालत होते.

"खंय चाललात?" मीही मालवणीवर आले.

"तेच्या दारात जाऊन येवक होया."

मी टॅक्सी केली आणि बरोबर गेले. कोळीवाड्याच्या त्या गल्ल्या एवढ्या अरुंद, की सुकत घातलेल्या बोंबलांच्या खालून वाकून जावं लागलं. दोनदा वाट चुकलो. शेवटी एका ओट्यावर शिंदे सदऱ्याची बटणं उघडी टाकून चहात पाव बुडवत बसलेले दिसले. गेले होते ते त्यांच्या गावचे दुसरे शिंदे. आम्हाला बघून ते एवढे खूष झाले, की आम्ही खरं कशासाठी आलो हे सांगायचं माझ्याच्याने होईना. काकांनी सरळ सांगितलं. शिंदे हसून हसून ठसकले. परत आल्यावर काकांनी खोक्यासमोर उभं राहून टाईप केलं, 'शिंदे हयात. भेटून आलो. चहा घेतला.' चाळीसजणांनी हळूच आपापले हात पुसून टाकले.

ही झाली गंमत. पण दुपारी शिकवणी संपली की काका घरी जात नाहीत, कॉम्प्युटरवर काहीतरी बघत उभे राहतात, हे माझ्या लक्षात यायला लागलं. नाव टाकून माणसं शोधायची युक्ती त्यांनी मला विचारून घेतली होती. एक दिवस मी मागून डोकावले. स्क्रीनभर बायकांचे फोटो. काका एकेक उघडत होते, चष्मा वर करून निरखत होते आणि पुटपुटत होते, "ही नव्हे... हीपण नव्हे." सगळ्यांचं नाव एकच होतं, रंजना जाधव.

हॉलमध्ये पत्ते खेळणाऱ्यांनी चेष्टा सुरू केली. "काय काका, स्थळं बघताय काय?" काका हसले नाहीत. तीन आठवडे हे चाललं. मग मीच विचारलं, की ही कोण?

"बेचाळीस नंबरची," ते म्हणाले. "तुझ्याबरोबर होती ती. दहावीला."

मला आठवायला वेळ लागला, याची मला आजही लाज वाटते. बेचाळीस नंबरमध्ये सखुबाई जाधव राहायच्या. नवरा नव्हता, मिलच्या कांडी खात्यात सूत भरायच्या कामाला होत्या, आणि रंजना ही एकुलती एक. आमच्या चाळीत बौद्धांची पाच-सहाच घरं होती, तिसऱ्या मजल्याच्या टोकाला. जाधवांच्या दारातून बुद्धाची तसबीर दिसायची. रंजना माझ्याच शाळेत, शेजारच्या तुकडीत. आमचा निकाल लागला आणि दोन-तीन महिन्यांत मायलेकी ते घर सोडून गेल्या. एवढंच मला ठाऊक होतं.

निकालाच्या दिवशी काका दरवर्षी रजा काढत. पास झालेल्यांची नावं टक्क्यांसकट फळ्यावर चढत, वर 'अभिनंदन' आणि बाजूला दोन फुलं. त्या वर्षी माझं नाव वरून तिसरं होतं, अठ्ठावन्न टक्के. ते बघायला मी चार वेळा जिना उतरले होते. जे तिथे नव्हतं ते मला एकदाही दिसलं नाही.

"ती दुपारी आली," काका सांगायला लागले. बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, बंद स्क्रीनकडे बघत होते. "मार्कशीट हातात. म्हणाली, काका, माझं पण. मी स्टुलावर. म्हटलं, पेढे कुठायत? पेढ्याशिवाय नाव चढत नाही. बाजूला पोरं होती, ती हसली. मीपण हसलो. ती जिना चढून गेली. मला वाटलं, येईल परत. आली नाही. मी पण गेलो नाही."

मी म्हटलं, "काका, पेढे तर तुम्ही सगळ्यांकडेच मागायचात."

"मागायचो गो. पण तुझे पेढे कधी इले?"

आमचे पेढे रात्री आले होते, बाबा कामावरून येताना घेऊन आले तेव्हा. माझं नाव तर दुपारी एकलाच फळ्यावर होतं.

"सगळ्यांची नावं आधी लिहिली आणि मग पेढे मागितले," काका म्हणाले. "तिचे तेवढे आधी मागितले. का मागितले? माका म्हायत नाय असं आत्तापर्यंत म्हणत होतो. म्हायत आसा."

एवढं बोलून त्यांनी फडकं घडी घालून पिशवीत ठेवलं आणि ते लिफ्टकडे गेले. घाडीकाकांबद्दल मला तोवर माया होती. त्या दिवशी मला त्यांचा रागही आला, आणि तो राग थोडा माझ्याही वाट्याला आला.

त्यांना हवं होतं ते एवढंच, की रंजनाचं नाव फळ्यावर चढावं. जगात ती कुठे आहे, तिला याची आठवण तरी आहे की नाही, हेही त्यांना माहीत नव्हतं. वय वाढत होतं. छातीत यंत्र बसवलेलं होतं. "मी असेपर्यंत झाला पायजे," ते म्हणत. मी म्हटलं, फोटोंमध्ये शोधून ती कशी सापडेल, तिचं आडनावही आता वेगळं असेल. तेव्हा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा फळ्यावर स्वतःच्या कामाचा मजकूर लिहिला. 'खोली ४२. कै. नव्हे, श्रीमती सखुबाई जाधव व कन्या रंजना यांचा पत्ता असल्यास कळवणे.' 'कै. नव्हे' काढून टाका म्हणून मी सांगितलं. ते म्हणाले, "बघून आल्याशिवाय मी कोणाला मारत नाही." तसंच राहिलं.

आमच्या ग्रुपवर सकाळची फुलं आणि औषधी काढे यांच्यापलीकडे काही होतं असं मला वाटत नव्हतं. पण त्या दिवशी माणसं कामाला लागली. सावंतला आठवलं, की रंजनाचा मामा सरकारी नोकरीत होता आणि अँटॉप हिलच्या क्वार्टर्समध्ये राहायचा. शिंद्यांची सून तिथल्याच एका कॉलनीत वाढलेली. त्या कॉलनीच्या जुन्या रहिवाशांचाही ग्रुप होता. निरोप तिकडे गेला. बारा दिवसांनी एक नंबर आमच्या ग्रुपमध्ये आला. नाव, रंजना मोहिते. एक अक्षर बोलली नाही. तिने वाचल्याच्या निळ्या खुणा तेवढ्या दिसत.

मी म्हटलं, "काका, तिला वेगळा मेसेज करा. एकटीला."

"चूक चारचौघांत केली. माफी एकांतात मागू?" मग म्हणाले, "पण तिला न विचारता चारचौघांत परत तिचं नाव घेऊ, तर तेही बरं नव्हे."

शेवटी फोन लावला. हॉलमध्ये, दुपारी, स्पीकरवर, कारण काकांना एका कानाने ऐकू येत नसे. काका उभेच होते. त्यांनी आपलं नाव सांगितलं. पलीकडून आवाज आला, शांत, ऑफिसात वर्षानुवर्षं काम केलेल्या बाईचा. "ओळखलं मी. तुम्ही स्टुलावर उभे होतात."

"होय."

"आणि हसला होतात."

"होय गो बाय."

मग ती बोलत राहिली आणि आम्ही दोघं ऐकत राहिलो. तिच्या आईला वाचता येत नव्हतं. पहिली पाळी सुटल्यावर सखुबाई दरवाजातून आत आल्या, फळ्यापाशी थांबल्या आणि कोणाकडून तरी सगळी नावं वाचून घेतली. मग वर येऊन विचारलं, तुझं नाव का नाही? रंजना म्हणाली, जागा नव्हती.

"आई म्हणाली, खोटं नको बोलू. मला वाचता येत नाही, पण अर्धा फळा रिकामा आहे ते दिसतं. मी मार्कशीट दाखवली. तिला कागदाचं काय कळणार? तिच्यासाठी फळ्यावर नाही म्हणजे नापास. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, काका. मामा आला, त्याने मार्कशीट वाचली, तेव्हा ती रडली. मला नापास समजली म्हणून. नंतर त्या चाळीत राहायलाच नको म्हणाली."

"आई..." काकांनी विचारलं.

"सहा वर्षं झाली जाऊन."

काका खुर्चीवर बसले. मी त्यांना हॉलमध्ये बसलेलं पहिल्यांदा पाहिलं. तिथूनच ते म्हणाले, "तुझी हरकत नसली तर नाव लिहायचं आहे. राहिलंय."

मग, "रविवारी येते," म्हणून तिने फोन ठेवला.

रविवारी काकांनी पांढराशुभ्र सदरा घातला होता. रंजना आली, करडे केस, पाठ सरळ, खांद्याला पर्स, हातात प्लास्टिकची फाईल आणि मिठाईचा खोका. मला तिने ओळखलं आणि नुसती मान हलवली, जवळ आली नाही. ती यावी असा माझा हक्कही नव्हता. काकांसमोर तिने खोका ठेवला.

"पेढे आणलेत," ती म्हणाली. "आता चढवा."

हे ती रागाने म्हणाली की कसं, मला आजही सांगता येत नाही. काकांनी खोका दोन्ही हातांनी उचलला आणि टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला.

"आधी नाव," ते म्हणाले. "मगे पेढो."

ओल्या फडक्याने त्यांनी स्क्रीन पुसला. या वेळी मी काही बोलले नाही. तो वाळेपर्यंत ते थांबले. रंजनाने फाईलमधून मार्कशीट काढून त्यांच्यापुढे धरली. कडा पिवळ्या झाल्या होत्या. काका एकेक अक्षर मोठ्याने म्हणत, शोधत, दाबत गेले. आधी 'अभिनंदन'. मग 'खोली ४२.' नावाशी आल्यावर रंजना म्हणाली, "आईचं आधी." काकांनी मान डोलावली. 'श्रीमती सखुबाई जाधव यांची कन्या रंजना, दहावी उत्तीर्ण, एकाहत्तर टक्के.' एवढ्यावर त्यांचं बोट थांबलं. ते टक्के पुन्हा बघून म्हणाले, "म्हणजे त्या वर्षी चाळीत पहिली." आणि तेही लिहिलं. हे व्हायला अर्धा तास लागला. तेवढा वेळ ती मार्कशीट धरून उभी होती.

मेसेज गेला. वसई, डोंबिवली, वरळी, वरचे बावीस मजले, मोबाईल वाजत राहिले. सावंतने लिहिलं, 'पेढे कधी?' आणि लगेच पुसलं. त्याला कोणीतरी फोन करून झापलं असावं. मग रंजनाने खोका उघडला. काकांनी एक पेढा घेतला, त्याचा अर्धा तुकडा करून तिला दिला आणि उरलेला तोंडात टाकला. ती तो अर्धा पेढा बराच वेळ नुसता हातात धरून होती. मग तिने तो खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी सातच्या आत खाली आले. काका नेहमीसारखे कॉम्प्युटरसमोर ताठ उभे होते. समोर कालचा मजकूर होता. सात वाजले. सातवर पाच मिनिटं झाली. हातातल्या फडक्याचं पाणी त्यांच्या चपलेवर ठिबकत होतं.

मी म्हटलं, "काका, पुसायचं ना?"

त्यांनी फडकं खिडकीबाहेर पिळलं, झटकलं आणि गजावर वाळत घातलं. "आज नवीन काय नाय," ते म्हणाले, आणि हात पाठीमागे बांधून, ओठ हलवत, कालचंच वाचत उभे राहिले.